चालू स्थितीतील बंद यंत्राविषयी

सामाईक मालकीच्या महागड्या यंत्रांचे चालू आणि बंद असे दोनच वर्ग कार्यालयीन नोंदवह्यांत मानलेले आढळतात. परंतु एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या सूक्ष्मदर्शक विभागाशी ज्याचा दूरध्वनीवरून का होईना संबंध आला आहे, त्याला हे वर्गीकरण फारच ढोबळ असल्याचे पहिल्याच संभाषणात कळून चुकते. ‘मशीन चालू आहे का सर?’ या प्रश्नाला तेथून ‘चालू आहे, पण लेझर गेलाय’, ‘चालू आहे, पण एसी बंद पडलाय’, ‘चालू आहे, पण ऑपरेटर लग्नाला गेलेत’ आणि, अगदीच खोदून विचारले तर, ‘अहो चालूच आहे, फक्त वापरता येत नाही’ अशी उत्तरे मिळतात, आणि या चारही उत्तरांची नोंद वार्षिक अहवालात ‘उपकरण सुस्थितीत’ या एकाच रकान्यात होते. प्रस्तुत लेखात अशा सुस्थितीतील यंत्राचे, त्याच्याभोवती वावरणाऱ्या मनुष्यजातीचे आणि बीड जिल्ह्यातून त्या यंत्रापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या काही अळ्यांचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

ज्या यंत्रासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याचे नाव कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याची साल दाखवणारा सूक्ष्मदर्शक नमुन्याच्या सर्व थरांवरचा प्रकाश एकदम डोळ्यात ओततो, त्यामुळे नमुना जरा जाड असला की वरचे, खालचे आणि मधले सगळेच एकमेकांत मिसळून नुसते धुके दिसते. कॉन्फोकलमध्ये लेझरचा किरण एका वेळी एकाच ठिपक्यावर पाडतात, परत येणारा प्रकाश एका बारीक छिद्रातून गाळून घेतात, इतर थरांवरून आलेला प्रकाश त्या छिद्राशी अडतो, आणि ठिपक्याठिपक्याने एकाच पातळीचे स्वच्छ चित्र संगणकाच्या पडद्यावर उभे राहते. ही कल्पना मार्विन मिन्स्की या अमेरिकी तरुणाला मेंदूतील पेशींचे जाळे पाहण्याच्या नादात सुचली. त्याने १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये पेटंट मिळाले, आणि पुढे लेझर व संगणक पुरेसे कामाचे होऊन हे यंत्र बाजारात रुळेपर्यंत १९८० च्या दशकाची अखेर उजाडली, तोवर पेटंटची मुदतही संपून गेली होती. इतरत्रच्या वाचकाला हा विलंब मोठा वाटेल; परंतु अहिल्यानगर ते बीड ही रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी अखेर धावताना ज्याने पाहिली, त्या बीडकराला मिन्स्की हा नशिबाचा माणूस वाटण्याचा संभव अधिक आहे.

असे यंत्र कोटींच्या घरात जाते, त्यामुळे ते प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे ही अपेक्षा कोणी करीत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रे काढली (मुंबईच्या आयआयटीतले केंद्र त्यांपैकीच) ती याच विचाराने, की यंत्र एका ठिकाणी राहावे आणि गरजवंताने तेथे यावे. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूच्या विज्ञान काँग्रेसमध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या पोर्टलने तर देशभरातली यंत्रे एका यादीत आणून ती घरबसल्या आरक्षित करण्याची सोय केली. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे बीड शहरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि पुण्याकडे पाहिले तर राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा २००६ साली सुरू झालेली आयसर यांची नावे समोर येतात. पुढील वर्णनातले केंद्र मात्र यांपैकी एकही नव्हे. ते अनेक ठिकाणचे गुण एकत्र करून, केवळ अभ्यासाच्या सोयीसाठी, पुण्यात वसवलेले आहे.

सामाईक साधन वाटून वापरण्याची कला बीड जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवावी अशी परिस्थिती नाही. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सलाबतखानाच्या काळात बांधली गेली, राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार मानला जातो, आणि दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. ऐतिहासिक नसलेल्या साध्या विहिरीची गोष्ट वेगळी. तिच्यात चार भावांचा चार-चार आणे हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो, पाण्याची पाळी वडिलांच्या हयातीत ठरलेली असते, आणि तरीही एक भाऊ दुसऱ्याच्या पाळीत मोटार चालू ठेवून झोपतो, दुसरा स्वतःच्या पाळीला फिरकत नाही पण ती कोणाला देतही नाही, तिसरा मोटार जळाली की ‘माझ्या टायमाला तर चांगली चालत होती’ एवढेच सांगतो आणि चौथा वर्गणी गोळा करण्याच्या दिवशी नेमका परगावी असतो. सूक्ष्मदर्शक केंद्रातही येतात ते हेच चौघे. फरक असलाच तर इतका की तेथे त्यांतील तिघांना पीएच.डी. मिळालेली असते.

आता अळ्यांविषयी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बीटी कापसाची वाताहत केली, गेवराई-माजलगाव पट्ट्यातील शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातले, आणि त्यानंतर या अळीवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांची संख्या जिल्ह्यात साहजिकच वाढली. अशाच एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा विषय ‘बोंडअळीच्या आतड्यातील जिवाणू’ असा असतो. आतड्याचे नाजूक काप करून त्यांना चमकणारे रंगद्रव्य लावायचे, म्हणजे विशिष्ट रंगाचा प्रकाश पडला असता ज्यातून दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर येतो असे द्रव्य पेशीतील हव्या त्या भागाला चिकटवायचे, आणि कॉन्फोकलखाली जिवाणू नेमके कोठे बसले आहेत ते पाहायचे, एवढे हे काम आहे. काप बीडमध्ये करता येतात, रंगही बीडमध्ये लावता येतो. फक्त पाहता येत नाही. म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात कुप्या, कुप्यांत अळ्या आणि डब्यावर चिकटपट्टीचे सात वेढे अशा थाटात हा विद्यार्थी रात्रीच्या एसटीत पुण्याकडे निघतो.

‘डब्यात काय आहे?’ वाहक विचारतो.

‘अळ्या आहेत, मामा. बोंडअळ्या.’

‘जिवंत?’

‘नाही. संशोधनासाठी नेतोय.’

वाहक तिकीट फाडता फाडता थांबतो, कारण त्याचीही गेवराईकडे तीन एकर कपाशी असते. ‘आमच्या रानात ह्या फुकट पडल्यात,’ तो शांतपणे सांगतो, ‘आन् तू तिकीट काढून पुण्याला न्यायला लागला?’ मागच्या बाकावरचे दोघे जागे होतात, पुढच्या बाकावरचा एक काका ‘आता पुण्यातबी सोडायच्या म्हना की’ असे मत देतो, आणि कडा गावापर्यंत सर्व गाडी बियाणे कंपन्या, पीकविमा आणि पंचनामे या विषयांवर जागी राहते. संशोधनाचा समाजाशी संबंध तुटला आहे अशी जी तक्रार परिसंवादांतून केली जाते, ती करणाऱ्यांनी एकदा या गाडीने प्रवास करायला हरकत नाही. पहाटे वाकडेवाडीला उतरेपर्यंत बर्फाचे पाणी झालेले असते आणि डब्याला कोपऱ्यातून धार लागलेली असते.

केंद्राचे दार दहाला उघडते, असे दारावर लिहिलेले असते. विद्यार्थ्याचा स्लॉट, म्हणजे यंत्राच्या वेळापत्रकातील त्याच्या हक्काचा तुकडा, दहा ते बाराचा असतो. तो मिळवण्यासाठी त्याने नोंदणी अर्ज, मार्गदर्शकाचे पत्र, विभागप्रमुखांची सही आणि शुल्क भरल्याची पावती एवढे जमवलेले असते, आणि त्यात एक गोष्ट सुरुवातीला अडलेलीही असते, ती अशी की यंत्र वापरण्यासाठी प्रशिक्षण झालेले असणे आवश्यक होते आणि प्रशिक्षणाच्या अर्जात ‘यंत्र वापरण्याचा पूर्वानुभव’ हा रकाना सक्तीचा होता. सव्वादहाला दार उघडते. वीस मिनिटे संगणकाचा पासवर्ड शोधण्यात जातात, कारण पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवरचा पासवर्ड जुना असतो आणि नवा त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलेला असतो. त्यानंतर असे लक्षात येते की आदल्या माणसाचे स्कॅनिंग अजून चालू आहे. हा आदला माणूस खोलीत नसतो, इमारतीत नसतो, फोनवर मिळतो.

‘फक्त पाच मिनिटं,’ तो म्हणतो, ‘शेवटचाच स्टॅक आहे.’

स्टॅक म्हणजे एकाच नमुन्याची वरपासून खालपर्यंत थराथराने घेतलेली चित्रांची चळत. ती किती जाड घ्यायची यावर कोणतेही वैज्ञानिक बंधन नाही आणि नैतिक तर नाहीच. दुसऱ्याच्या पाळीत मोटार चालू ठेवणारा भाऊ निदान शेतात झोपलेला असतो, त्याला हलवून उठवता तरी येते.

साडेअकराला विद्यार्थी अखेर खुर्चीत बसतो आणि भिंगांकडे पाहतो. येथे तेलाचा विषय येतो, आणि तो थोडा विस्ताराने घेणे भाग आहे. नमुन्याकडे तोंड करून असलेल्या भिंगाला ऑब्जेक्टिव्ह म्हणतात. त्यातली जास्त वर्धनाची, म्हणजे त्रेसष्ट किंवा शंभर पट मोठे दाखवणारी भिंगे तेलात चालतात, कारण काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकून वाया जातो, परंतु काचेइतकाच, म्हणजे सुमारे १.५१५ अपवर्तनांक असलेल्या तेलाचा एक थेंब मध्ये घातला की काचेतून निघालेल्या किरणाला आपण काचेबाहेर पडलो हे कळतच नाही. उलट वीस किंवा चाळीस पटींची बहुतेक भिंगे कोरडी असतात, त्यांना तेल लागले की चित्र पुसट होते, आणि वेळीच पुसले नाही तर तेल कडेच्या सांध्यातून आत शिरून भिंग कायमचे आंधळे होते. आता अडचण अशी की ही सगळी भिंगे एकाच फिरत्या चकतीवर शेजारीशेजारी बसवलेली असतात. तेलाच्या भिंगाखाली पेशी सापडत नाही म्हणून माणूस चकती मागे फिरवतो, कोरडे भिंग स्लाइडवरच्या तेलातून सुखाने पोहत पलीकडे जाते, आणि या घटनेला केंद्राच्या इतिहासात कधीही साक्षीदार नसतो. चाळीस पटींचे भिंग तेलकट सापडले की ऑपरेटर लॉगबुक उघडतो. लॉगबुक म्हणजे कोणी, किती वेळ, कशासाठी यंत्र वापरले याची वही. तिच्यातल्या शेवटच्या पाच नोंदींपुढे पाच निरनिराळ्या हस्ताक्षरांत ‘यंत्र व्यवस्थित’ असे लिहिलेले असते, आणि पाचही जणांना विचारले असता प्रत्येक जण आपल्या आधीच्याकडे बोट दाखवतो, पहिला तर थेट कंपनीकडे. भिंग पुसण्यासाठी लेन्स पेपर नावाचा खास मऊ कागद ठेवलेला असतो, तो संपलेला असतो. मग रुमाल, ओढणीचे टोक, शर्टाची आतली बाजू आणि चहाच्या टपरीवरचा पेपर नॅपकिन यांचा उपयोग होतो, आणि पुढच्या महिन्यातल्या सर्व चित्रांत एकाच कोनात जाणाऱ्या समांतर रेषा दिसू लागतात, ज्यांचा अर्थ काही जण पेशीतील तंतू असा लावतात.

तेलाची बाटली रिकामी असेल तर चर्चेला वेगळे वळण लागते. ‘सर, खोबरेल चालेल का?’ असा प्रश्न एका तरी विद्यार्थ्याने आजवर विचारलेला आहेच, आणि त्याला ‘चालेल की, केसांना’ याहून वेगळे उत्तर मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आपली भिंगे दुसऱ्याच्या हाती न देण्याचा मार्ग पूर्वी एकाने चोखाळला होता. डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी फान लेवेनहूक याने सतराव्या शतकात एका भिंगाचे शेकडो छोटे सूक्ष्मदर्शक स्वतः बनवले, त्यांतून जिवाणू पाहिले, आलेल्या-गेलेल्याला काही नमुने दाखवलेही, परंतु आपली सर्वोत्तम भिंगे आणि ती बनवण्याची रीत जन्मभर कोणाला दिली नाही. त्याच्या या स्वभावावर इतिहासकारांनी पुष्कळ टीका केली आहे. मात्र १७२३ मध्ये तो वारला तेव्हा त्याने आपले २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक लंडनच्या रॉयल सोसायटीला ठेवले, म्हणजे बहुधा जगातील पहिली सामाईक सूक्ष्मदर्शक सुविधाच निर्माण केली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ते सगळेच्या सगळे गहाळ झाले. टीका करणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही विचारात घ्यावी.

आतड्याचा काप अखेर सापडतो. निळ्या ठिपक्यांची माळ दिसते, त्या प्रत्येक ठिपक्यात पेशीचे केंद्रक असते, आणि माळेच्या आतल्या बाजूला हिरवे बारीक कण चमकतात, ज्यांच्यासाठी वर्षभर अळ्या फाडलेल्या असतात. नेमक्या याच क्षणी विभागप्रमुख दोन पाहुण्यांना घेऊन आत येतात. चमकणाऱ्या रंगद्रव्यांचा एक दुर्गुण असा आहे की प्रकाश जितका जास्त वेळ पडेल तितकी त्यांची चमक विझत जाते. शास्त्रीय भाषेत याला प्रकाशविरंजन म्हणतात, आणि सामाईक केंद्रात त्याचे प्रमुख कारण ‘जरा पाहुण्यांना दाखवा’ हे असते. पहिले पाहुणे नेत्रिकेला डोळा लावतात, त्यांना प्रथम स्वतःच्या पापण्या दिसतात, त्यांचे ते कौतुक करतात. मग त्यांना खरोखरचे दिसते. ‘वा! आकाशगंगाच,’ ते म्हणतात, ‘कशाची आहे?’

‘अळीचं आतडं आहे सर.’

पाहुणे डोळा काढतात. दुसरे पाहुणे अधिक चिकित्सक असल्यामुळे त्यांना फोकस स्वतः फिरवून पाहायचा असतो, त्यासाठी त्यांना चष्मा काढायचा असतो, चष्मा ठेवायला जागा हवी असते, आणि हे सर्व होईपर्यंत झडप उघडीच राहून लॅम्पचा प्रखर प्रकाश अळीच्या आतड्यावर अखंड पडत राहतो. विभागप्रमुखांचा क्रमांक शेवटी येतो. ‘काय दाखवत होतास?’ ते विचारतात, ‘मला तर काळंच दिसतंय.’

‘आत्ता होतं सर.’

हे वाक्य जगातल्या सर्व सूक्ष्मदर्शक केंद्रांत सर्व भाषांतून बोलले जाते, आणि त्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य अजून जन्माला आलेला नाही.

पाहुण्यांविषयी एवढे लिहिल्यावर नॅकच्या समितीला वगळणे बरे दिसणार नाही. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचे मूल्यांकन करणाऱ्या या परिषदेची समिती येणार म्हटली की यंत्रावरचे प्लास्टिकचे आवरण निघते, खोलीबाहेर रांगोळी पडते, यंत्राची माहिती देणारा फलक तीन भाषांत लागतो, आणि दोन वर्षे अर्धवट राहिलेले लॉगबुक एका रात्रीत, निळ्या, काळ्या व हिरव्या शाईच्या पेनांनी, वेगवेगळ्या मनःस्थितींत लिहून पूर्ण होते. ‘हे यंत्र कोण कोण वापरतं?’ या प्रश्नाला ‘सगळेच’ हे उत्तर द्यायचे ठरलेले असते, आणि ते खरेही असते, कारण त्या खोलीत एसी चांगला असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सगळेच तेथे बसलेले असतात.

लॅम्पचा उल्लेख वर आला आहे. नमुना डोळ्याने शोधताना पाऱ्याच्या वाफेचा जो लॅम्प जुन्या यंत्रांत लागतो, त्याचे आयुष्य दोनशे-तीनशे तासांचे असते आणि त्याचे सोवळे फार कडक असते: एकदा लावला की अर्धा तास तरी मालवायचा नाही, आणि मालवला की पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. वीज मंडळाला हे नियम कळवलेले नसतात. परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असूनही वीज जाते तेव्हा कसे वागावे याचे शिक्षण बीडच्या विद्यार्थ्याला लहानपणापासून मिळालेले असते, तो शांत बसतो. पुण्याच्या केंद्रात मात्र धावपळ उडते, कारण यंत्राच्या यूपीएसवर, म्हणजे वीज गेल्यावर काही काळ पुरवठा करणाऱ्या बॅटऱ्यांवर, मध्यंतरी कोणीतरी चहाची किटली लावलेली असते आणि किटली काढायला कोणी तयार नसते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यंत्रांची पूजा करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ज्या यंत्राला इतक्या जणांचे तळतळाट लागतात त्याला वर्षातून एकदा कुंकू लागले तर त्यात अवैज्ञानिक काही मानता येणार नाही. प्रयोगशाळेतले मामा (परिचराला महाविद्यालयांतून याच नात्याने हाक मारतात) झेंडूचा हार घालतात, नारळ वाढवतात आणि लेझरच्या पेटीपासून भिंगांच्या चकतीपर्यंत सढळ हाताने हळद-कुंकू वाहतात. दसऱ्यानंतरचा पहिला स्लॉट ज्याला मिळतो त्याला यामुळे विलक्षण निष्कर्ष मिळतात. हळदीतले कुर्क्युमिन हे द्रव्य निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकते; अळीच्या आतड्यात हिरव्या कणांचे नुसते पीक आलेले दिसते, विद्यार्थी फोनवर मार्गदर्शकांना कळवतो, मार्गदर्शक परिषदेसाठी सारांश लिहायला घेतात आणि त्यात ‘प्रथमच’ हा शब्द दोनदा येतो. पुढे तपासणीसाठी नुसती कोरी स्लाइड ठेवली जाते. तीही चमकते. मग नमुना न ठेवता पाहिले जाते आणि हवाही चमकते.

दारात उभे असलेले मामा बराच वेळ हे सर्व पाहून म्हणतात, ‘हळद असंल साहेब. या टायमाला वसमतची आणली होती, चांगली रंग धरते.’

देखभाल कराराचा इंजिनिअर या सर्वांवरचा अखेरचा उपाय समजला जातो. तो येणार असतो. तो पूर्वीपासूनच येणार असतो. यंत्राचे त्याच्याशी काही गुप्त संधान असावे असा संशय घ्यायला जागा आहे, कारण तीन आठवडे लाल दिवा लावून बसलेले यंत्र त्याची बॅग जमिनीवर टेकताच हिरवा दिवा लावते, त्याच्यासमोर दीड तास निर्दोष चालते, तो ‘इकडे तर काही प्रॉब्लेम नाही’ असा अहवाल लिहून सही घेतो, आणि त्याची रिक्षा फाटकाबाहेर वळली की लाल दिवा पुन्हा लागतो. करार संपलेला असेल तर नव्या कराराची किंमत ऐकून वित्त विभाग ‘यापेक्षा नवीनच घ्या’ असे सुचवतो, आणि नव्याचा प्रस्ताव गेला की तोच विभाग ‘जुने सुस्थितीत असताना नवीन कशाला?’ अशी वार्षिक अहवालाची प्रत जोडून विचारणा करतो.

बीडच्या विद्यार्थ्याला अखेर चांगली चित्रे मिळतात, हे सांगितले पाहिजे. उगाच काळे रंगवण्याचा येथे हेतू नाही. ऑपरेटर सर स्वभावाने मुळात भले गृहस्थ असतात, जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः यंत्रावर बसतात, ‘इतक्या लांबून आलायस, बस, मी बघतो’ म्हणतात, आणि जे विद्यार्थ्याला दीड तासात साधले नाही ते दहा मिनिटांत काढून देतात. मात्र चित्रे न्यायची कशात, हा प्रश्न राहतो. यंत्राच्या संगणकाची साठवण भरलेली असते. तीत ‘न्यू फोल्डर’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’ आणि ‘सरांसाठी, डिलीट करू नये’ अशी दालने असतात, त्यांतल्या बऱ्याच दालनांचे मालक केव्हाच पीएच.डी. होऊन परदेशी गेलेले असतात, आणि तरीही ती पुसण्याची कोणाची छाती होत नाही, कारण त्यांतला एखादा कधी परत आला आणि मागू लागला तर काय करायचे? मूळ फाइल फार जड, पेनड्राइव्ह लहान, परतीची गाडी साडेतीनची. म्हणून विद्यार्थी सर्व चित्रे आटोपशीर जेपेग करून घेतो आणि मूळ फाइली, जागा हवी म्हणून मागे उभा असलेला पुढचा माणूस ज्या तत्परतेने पुसतो, ती तत्परता केंद्रात इतर कोणत्याही कामी दिसत नाही.

बीडला मार्गदर्शक चित्रे पाहतात, खूश होतात, चष्मा वर करून पुन्हा पाहतात.

‘स्केल बार कुठंय?’

स्केल बार म्हणजे चित्राच्या कोपऱ्यातली ती छोटी आडवी रेघ, जी दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, या चित्रात केवढा दिसतो ते सांगते; तिच्यावाचून समोर दिसते ते जिवाणू आहेत, बोंड आहे की आख्खे माजलगाव धरण आहे हे ठरवता येत नाही, आणि कोणतेही नियतकालिक असे चित्र छापत नाही. मापाची नोंद मूळ फाइलीत आपोआप राहते. जेपेगमध्ये राहत नाही.

‘मूळ फाइल असेल ना?’

विद्यार्थी गप्प राहतो.

‘हरकत नाही, पुन्हा जाऊन ये,’ मार्गदर्शक उदारपणे म्हणतात. ‘नवीन स्लॉट टाक. आणि जातोच आहेस तर देशमुख मॅडमची चार सॅम्पल आहेत, ती घेऊन जा. त्यांचं बुरशीचं काम अडलंय. शिंदे सरांचं पण काहीतरी होतं, त्यांना विचार. डबा मोठा घे या वेळी.’